एका गव्हाच्या राज्याची सुट्टी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की आमच्या शाखेत एका कागदाची वाट पाहिली जाई. तो कागद बढतीचा नसे, बदलीचा नसे आणि पगारवाढीचा तर नसेच नसे. तो असे येत्या वर्षाच्या सुट्ट्यांच्या यादीचा. टपालाची पिशवी फुटली, की आमचा शिपाई तो कागद थेट माझ्याकडे न आणता आधी कॅश विभागातून, मग बचत खात्याच्या खिडकीवरून फिरवून आणी. माझ्या टेबलावर येईपर्यंत त्यावर पेन्सिलीच्या खुणा झालेल्या असत. "साहेब, यंदा तीन सुट्ट्या रविवारने खाल्ल्या," असे हेडकॅशियर अशा आवाजात सांगत, की जणू तिजोरीतून तीन बंडले कमी भरली आहेत.

त्या यादीच्या माथ्यावर 'परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१, कलम २५' असे भारदस्त शब्द असत. बाकीचे सहकारी यादी वाचत; मला आधीपासून नको तिथे नाक खुपसण्याची खोड असल्यामुळे मी कलमही वाचून काढले होते. बँकेला सुट्टी का हवी, याबद्दल त्या कलमाला काही देणेघेणे नाही. त्याला चिंता आहे ती देण्या-घेण्याचीच. एखाद्या हुंडीची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी संपत असेल तर पैसे कधी द्यायचे? सामान्य माणसाला वाटेल, की दुसऱ्या दिवशी. कायदा म्हणतो, नाही. आदल्या कामाच्या दिवशी. सुट्टी आली म्हणून देणे पुढे जात नाही, उलट ते अलीकडे येते. नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचलेले हे वाक्य माझ्या मनातून का गेले नाही, ते पुढे कळेल.

निवृत्तीनंतर सुट्टी या विषयाशी माझा संबंध उरला नाही. सगळेच दिवस सारखे झाले. पण गेल्या वर्षी नातवाने शाळेची सुट्ट्यांची यादी वाचता वाचता मान वर करून विचारले, "आजोबा, सुट्टी कोण देतं हो?"

"सरकार."

"आणि आपणच आपल्याला दिली तर?"

"तर ती सुट्टी होत नाही, दांडी होते," मी म्हणालो. घरात हशा पिकला. पण त्या रात्री मी कपाटातून माझी तिकिटांची जुनी वही काढली आणि तिचे शेवटचे पान उघडले.

मुंबईत परकीय चलन विभागात होतो तेव्हा परदेशी पाकिटांवरची तिकिटे जमवण्याचा नाद मला लागला होता. त्यातच एक तिकीट आले. त्यावर देशाचे नाव होते 'हट रिव्हर प्रॉव्हिन्स'. नकाशात शोधले, सापडले नाही. एका बुजुर्ग संग्राहकांना दाखवले. त्यांनी भिंगातून पाहिले आणि चष्मा काढत म्हणाले, "हे सिंड्रेला आहे. वहीत लावू नका." मान्यताप्राप्त टपालखात्याने न काढलेल्या तिकिटांना तिकीटशौकिनांच्या जगात सिंड्रेला म्हणतात. राजवाड्यातल्या मेजवानीचे आमंत्रण नसलेली मुलगी! मी ते तिकीट लावले, पण सगळ्यात शेवटच्या पानावर, एकटेच. पुढे पुष्कळ वर्षे जिथे मिळेल तिथून त्या देशाची माहिती जमवत गेलो. त्या देशाने स्वतःच स्वतःला सुट्टी दिली होती. तिची तारीख २१ एप्रिल.

कोट्यातून निघालेले राज्य

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर पर्थ शहर आहे. तेथून उत्तरेला पाचशेहून अधिक किलोमीटर गेले, की नॉर्थॅम्प्टनच्या परिसरात हट नावाची नदी लागते. तिच्या काठी लिओनार्ड केसली नावाच्या शेतकऱ्याची सुमारे साडेअठरा हजार एकर जमीन होती. आपल्या हिशोबाने आठ-दहा गावांची शिवारे एका घराच्या नावावर. त्यात गहू, मेंढ्या आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात फुलणारी रानफुले. एकर ऐकून डोळे विस्फारू नयेत. तिथली जमीन कोरडी आणि माणूस विरळ. एवढ्या पसाऱ्यावरही माणूस अखेर शेतकरीच होता. म्हणजे पाऊस, भाव आणि सरकार या तिघांच्या मर्जीवर जगणारा.

१९६९ साली जगाच्या बाजारात गहू उदंड झाला होता. ऑस्ट्रेलियात गव्हावर कोटा बसवण्यात आला. कोणी किती गहू विकायचा ते सरकार ठरवणार. केसलीच्या शेतात हजारो एकर पीक कापणीला उभे होते आणि त्याच्या हाती जो कोटा पडला तो होता १६४७ बुशेलचा. हे माप आपल्या ओळखीचे नाही, म्हणून एवढेच सांगतो, की तो जेमतेम शंभर एकरांचा माल. बाकीच्या पिकाचे काय करायचे, याचे उत्तर कोट्याच्या कागदावर नव्हते.

इथे मला माझे वडील आठवतात. सत्तरच्या दशकात आपल्याकडे ज्वारीची लेव्ही होती. पिकलेल्यातला ठरलेला वाटा सरकारने ठरवलेल्या भावात घालावा लागे. वर्ष वाईट गेले तरी आकडा ठरलेला. वडील मोंढ्यातून परत आले, की अंगणात बसून पायातली वहाण काढायचेसुद्धा विसरत. केसलीला जास्त विकू देत नव्हते आणि वडिलांना घालावी लागत होती. उलटसुलट गोष्ट, पण कागद हातात धरून बसलेल्या शेतकऱ्याचा चेहरा दोन्हीकडे एकच असणार. फरक इतकाच, की माझ्या वडिलांनी "चालायचंच" म्हटले आणि केसलीने कायद्याची पुस्तके उघडली.

त्याने गव्हर्नरला लिहिले, दाद मागितली. दाद मिळाली नाहीच, वर शेतजमीन सरकारजमा करता येईल असे विधेयक पुढे आले. तेव्हा केसली आणि त्याच्यासोबतच्या कुटुंबांनी २१ एप्रिल १९७० रोजी ऑस्ट्रेलियातून वेगळे होत असल्याची नोटीस सरकारला धाडली. तलवार नाही, बंदूक नाही, नोटीस. तीसुद्धा रीतसर. आयुष्यभर नोटिसा काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. राज्ये रक्तातून जन्मतात असे आपण शिकलो. हे राज्य जावक क्रमांकातून जन्मले.

पुढे खटल्याची भाषा सुरू झाली तेव्हा केसलीने आणखी एक जुने पान शोधून काढले. १४९५ साली इंग्लंडमध्ये सातव्या हेन्रीच्या काळात एक कायदा झाला होता. गादीवर जो प्रत्यक्ष बसलेला आहे त्या राजाची सेवा करणाऱ्याला पुढे राजद्रोही ठरवता येऊ नये, असा त्याचा आशय. केसलीने विचार केला, की मग आपण गादीवरच बसावे! तो 'प्रिन्स लिओनार्ड' झाला, त्याची पत्नी 'प्रिन्सेस शर्ली' झाली आणि त्यांची सात मुले राजपुत्र व राजकन्या झाली. मेंढ्या मात्र मेंढ्याच राहिल्या.

राज्य म्हटले की सरंजाम आला. ध्वज आला, तिकिटे आली, ऑस्ट्रेलियन डॉलरच्या बरोबरीचा हट रिव्हर डॉलर आला. टपाल कचेरी, छोटे चर्च, सरकारी कचेरी आणि भेटवस्तूंचे दुकान उभे राहिले. कच्च्या रस्त्याने धूळ खात प्रवासी येऊ लागले. त्यांच्या पारपत्रावर शिक्का मारायला स्वतः राजेसाहेब बसत. कराच्या मागणीची पत्रे येत राहिली, तेव्हा डिसेंबर १९७७ मध्ये या राज्याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध युद्ध पुकारले आणि काही दिवसांनी ते संपल्याचेही आपणच कळवून टाकले. एक गोळी सुटली नाही. 'आम्ही युद्धात हरलो नाही, म्हणून आम्हाला आंतरराष्ट्रीय कायद्याप्रमाणे मान द्या' असा त्यावरचा युक्तिवाद होता. आमच्या बँकेच्या विधी विभागातही असा माणूस मला भेटला नाही.

सुट्टीच्या दिवशी काम कोणाला?

तर या राज्याची राष्ट्रीय सुट्टी २१ एप्रिल. योगायोग पाहा, तोच इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचा खरा जन्मदिवस. केसलीने ऑस्ट्रेलियाच्या सरकारशी काडीमोड घेतला, पण राणीवरची निष्ठा सोडली नव्हती. गंमत अशी, की राणीच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी खुद्द ब्रिटनमध्ये नव्हतीच, तिथे जूनमध्ये नुसता समारंभ होई. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत ती सुट्टी जूनमध्ये असे, आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात सप्टेंबरच्या अखेरीस. म्हणजे राणी ज्या दिवशी खरोखर जन्मली, त्या दिवशी त्या मुलुखात सुट्टी होती ती फक्त या बंडखोर शेतकऱ्याच्या बांधाआत! २०१६ साली या राज्याला सेहेचाळीस वर्षे झाली, तेव्हा बकिंगहॅम राजवाड्याकडून शुभेच्छांचे पत्र आले. राजवाड्याच्या लेखी तो बहुधा रोजच्या शेकडो पत्रांतला एक शिष्टाचार असेल. हट नदीच्या काठी त्याला केवढे मोल आले असेल!

पण मला या सुट्टीबद्दल नेहमी एक साधा प्रश्न पडतो. बँकेची सुट्टी म्हणजे काउंटर बंद. शाळेची सुट्टी म्हणजे घंटा बंद. ज्या देशात मुक्कामाला जेमतेम वीस-पंचवीस माणसे, तीही बहुतेक एकाच घरातली, तिथे राष्ट्रीय सुट्टी म्हणजे नेमके काय बंद? मेंढ्यांना पाणी दाखवायचे तर असतेच. उलट त्या दिवशी पाहुणे येणार, झेंडा चढणार, मानाच्या पदव्या दिल्या जाणार. शेतकऱ्याच्या घरी एकदम पन्नास पाने उठायची असली, की काय धांदल उडते, ते सांगायला हट नदीपर्यंत जाण्याची गरज नाही. त्या राज्यात वर्षातला सगळ्यात कामाचा दिवस कोणता असेल, तर तो सुट्टीचाच असणार. आणि काम कोणाला पडत असेल, हेही वाचक भगिनींना मी सांगायला नको.

हट रिव्हर हे अशा राज्यांतले एकटे नव्हे. जगात अशी स्वयंघोषित राज्ये डझनांनी झाली आणि त्यांच्या सुट्ट्या पाहिल्या, की त्यांच्या जन्माची कुळकथा कळते. इंग्लंडच्या सफोक किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर अंतरावर समुद्रात दुसऱ्या महायुद्धातला एक तोफखान्याचा बुरूज आहे. दोन पोकळ खांब आणि वर एक माची. रॉय बेट्स नावाच्या माजी सैनिकी अधिकाऱ्याने त्याला २ सप्टेंबर १९६७ रोजी 'सीलँड' नावाचे स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर केले. तोच त्याची पत्नी जोन हिचा वाढदिवस. लोक बायकोला साडी देतात, या गृहस्थाने देश दिला. त्या माचीवरचे वारे आणि लाटा पाहता जोनबाईंनी साडीच पसंत केली असती की काय कोण जाणे. पण तो स्वातंत्र्यदिन आजही पाळला जातो.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या टोकाला की वेस्ट नावाचे बेट आहे. १९८२ साली सरकारने तिकडे जाणाऱ्या एकमेव महामार्गावर तपासणी नाका बसवला. मैलोगणती मोटारी अडकल्या, पर्यटक आटले. गावच्या महापौरांनी २३ एप्रिल १९८२ रोजी 'काँक रिपब्लिक' जाहीर केले, युद्ध म्हणून नौदलाचा गणवेश घातलेल्या एका माणसाच्या डोक्यावर शिळा पाव फोडला, मिनिटाभरात शरणागती पत्करली आणि लगेच शंभर कोटी डॉलरची परदेशी मदत मागितली. मदत आली नाही, पण वार्षिक उत्सव सुरू झाला तो चालू आहे. न्यूझीलंडमध्ये वांगामोमोना नावाच्या खेड्याला १९८९ साली न विचारता एका विभागातून काढून दुसऱ्यात घातले. गावाने १ नोव्हेंबरला स्वतःचे प्रजासत्ताक जाहीर केले. पुढे त्याच्या अध्यक्षपदी एकदा बोकडही निवडून आला. सीमाभागातल्या आपल्या वाचकांना त्या बोकडाचे हसू येईल, पण 'न विचारता' या शब्दाचे येणार नाही.

आणि लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस. तिथे एका ओढ्यावजा नदीपलीकडची उझुपिस नावाची जुनी, पडकी पेठ. चित्रकार, कवी आणि रिकाम्या खिशाचे लोक तिथे राहायला आले आणि १ एप्रिल १९९७ रोजी त्यांनी प्रजासत्ताक जाहीर केले. त्यांच्या राज्यघटनेत माणसाला आळस करण्याचा हक्क आहे, मांजराची कर्तव्येही नमूद आहेत आणि ती घटना कितीतरी भाषांत पत्र्यांवर कोरून भिंतीवर लावलेली आहे. त्यांची सुट्टी १ एप्रिलची. मूर्ख बनवण्याचा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला. आम्हा बँकवाल्यांना १ एप्रिल हा वेगळ्याच अर्थाने माहीत. वार्षिक हिशोबांसाठी बँका जनतेला बंद! यात 'जनतेला' हा शब्द महत्त्वाचा. आम्ही आत असायचो.

हसता हसता थांबावे असे

या सगळ्यांना हसणे सोपे आहे. १९३३ च्या मॉन्टेव्हिडिओ करारात राज्य कशाला म्हणावे, याच्या चार कसोट्या दिल्या आहेत: कायम वस्ती, निश्चित भूमी, सरकार आणि इतर राज्यांशी संबंध ठेवण्याची क्षमता. त्यात ध्वज नाही, तिकीट नाही आणि सुट्ट्यांची यादी तर नाहीच. तरी ही चिमुकली राज्ये या तिन्हींची आधी तयारी करतात. कारण सार्वभौमत्वाच्या सगळ्या वस्तूंत तारीख ही सर्वांत स्वस्त. तिला सैन्य लागत नाही, खजिना लागत नाही. दिनदर्शिकेवर लाल पेन्सिल फिरवली, की झाले.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण आपलाच इतिहास विसरू. लाहोरच्या अधिवेशनात काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला आणि २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर स्वातंत्र्यदिन म्हणून पाळला गेला. राज्य इंग्रजांचे, पोलीस इंग्रजांचे, दिनदर्शिका इंग्रजांची. आणि लोक झेंडा लावून स्वातंत्र्याची प्रतिज्ञा घेत होते. कोणत्याही सरकारी यादीत नसलेला तो दिवस होता. जानेवारीतला शेवटचा रविवार त्यासाठी निवडला होता. म्हणजे आमच्या हेडकॅशियरांच्या भाषेत, देशाचा पहिला स्वातंत्र्यदिन रविवारने खाल्ला! पुढे दरवर्षी तो पाळला गेला, त्यासाठी माणसे तुरुंगात गेली. साताऱ्यात तर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने इंग्रज असतानाच गावोगाव न्यायनिवाडे केले. स्वातंत्र्य मिळाले १५ ऑगस्टला. पण त्या स्वयंघोषित तारखेचा मान राखायचा म्हणून राज्यघटना २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आली. आज ती तारीख कलम २५ खालच्या यादीत ठळकपणे असते. जी सुट्टी आज सरकार देते, ती एकेकाळी लोकांनी सरकारला न विचारता घेतलेली होती.

मग हट रिव्हरच्या २१ एप्रिलमध्ये आणि आपल्या २६ जानेवारीत फरक काय? मला वाटते, तारीख जाहीर करायला एक माणूस पुरतो, ती टिकवायला मात्र इतरांनी ती आपली मानावी लागते. लाहोरची तारीख कोट्यवधींनी आपली मानली. केसलीची तारीख पर्यटकांनी पाहिली, छायाचित्रे काढली आणि ते आपल्या घरी गेले.

शिवाय देणे राहिले होतेच. २०१७ च्या फेब्रुवारीत, एक्क्याण्णव वर्षांच्या लिओनार्डने धाकट्या मुलाला, ग्रेमला गादी दिली. शर्ली त्याआधीच, २०१३ मध्ये गेली होती. त्याच वर्षी जूनमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने करापोटी सत्तावीस लाख डॉलरच्या घरात रक्कम भरण्याचा आदेश दिला. न्यायमूर्तींच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की आपल्या घरात कोणीही स्वतःला सार्वभौम म्हणवून घ्यावे. पण त्यामुळे देशाचे कायदे आणि कर चुकत नाहीत. लिओनार्ड फेब्रुवारी २०१९ मध्ये वारला. जानेवारी २०२० च्या अखेरीस राज्याने आपल्या सीमा प्रवाशांना बंद केल्या. पाठोपाठ करोनाची साथ आली. २१ एप्रिल २०२० रोजी या राज्याला पन्नास वर्षे पूर्ण झाली. सुवर्णमहोत्सव! पण त्या दिवशी सीमा बंद होत्या. ३ ऑगस्ट २०२० रोजी राज्य विसर्जित झाल्याचे जाहीर झाले. कराचे देणे फेडायला जमीन विकायची ठरली. सुट्टी आली म्हणून देणे पुढे जात नाही. १८८१ चा कायदा इथला, पण हिशोब तिकडेही तोच निघाला.

घरातले परिपत्रक

आता थोडे खासगी सांगतो, कारण नातवाला दिलेले माझे उत्तर चुकीचे होते आणि ते मला त्याच रात्री कळले.

नव्वदच्या दशकात मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. मार्चअखेर म्हणजे घरातले जणू आजारपण. रात्री दोन-दोन वाजता घरी यायचे, ताट झाकलेले असायचे, ती जागी असायची. एका वर्षी ताळेबंदात सत्तावीस पैशांचा फरक निघाला आणि तो शोधण्यात ३१ मार्चची रात्र आणि १ एप्रिलचा सगळा दिवस गेला. २ एप्रिलला कामावरून लवकर सुटून संध्याकाळी घरी आलो, तर स्वयंपाकघराचे दार लोटलेले आणि त्यावर एक कागद चिकटवलेला. अक्षर तिचे, भाषा माझी:

'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, २ एप्रिल हा दिवस या घरात सार्वजनिक सुट्टी म्हणून पाळण्यात येईल. सर्व व्यवहार बंद राहतील. चहाची खिडकीही बंद राहील. सक्षम प्राधिकारी.'

प्राधिकारी गॅलरीत खुर्ची टाकून मासिक वाचत बसल्या होत्या. मला वाटले, थट्टा आहे. मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "अहो, तुमच्या यादीतल्या सुट्ट्या मोजल्या मी. पाडवा, गणपती, दसरा, दिवाळी. तुमची प्रत्येक सुट्टी म्हणजे मला दुप्पट काम. एक तारीख माझी असू दे."

त्या रात्री मी आणि मुलांनी खिचडी केली. ती खाली लागली. माझी आई पुटपुटली, "हे कसलं नवीन खूळ!" पुढच्या वर्षी कागद पुन्हा लागला. तिसऱ्या वर्षी मार्च संपता संपता आईनेच हळूच विचारले, "अगं, आपली सुट्टी कधी असते?" 'आपली' म्हणाली. शेजारच्या बलाढ्य राष्ट्राने मान्यता द्यावी, तसे ते झाले. त्यानंतर दोघी सासू-सुना त्या दिवशी गॅलरीत बसत आणि मी आतून विचारत असे, "हळद कुठल्या डब्यात आहे?" दोघी एकदम सांगत, "आज कचेरी बंद आहे."

आई गेली. सहा वर्षांपूर्वी तीही गेली. नंतरच्या पहिल्या २ एप्रिलला मी मुद्दाम दिवसभर बाहेर काढायचे ठरवले होते. सकाळीच परगावी असलेल्या मुलीचा फोन आला, "बाबा, आज सुट्टी आहे ना? इथे यांना कुकर लावायला सांगितलाय." संध्याकाळी घरी परतलो, तर मुलगा ओट्याशी होता आणि सूनबाई गॅलरीत. कोणी कोणाला काही सांगितले नव्हते. खिचडी त्याही वर्षी लागलीच.

लोक म्हणतात, किती छान परंपरा. मीही तसे म्हणत असे. पण माझ्यातला जुना अधिकारी गप्प बसत नाही. तीस-पस्तीस वर्षे मी सुट्ट्यांच्या याद्या फलकावर लावल्या, कोणाची रजा मंजूर, कोणाची नामंजूर, हे सही करून ठरवले. मात्र ज्या घरात मी रोज परतत होतो, तिथल्या माणसाला वर्षाचा एक दिवस मोकळा हवा असेल, हे मला कधी सुचले नाही. तिला तो जाहीर करावा लागला, तोसुद्धा माझ्याच भाषेत लिहून, कारण त्याशिवाय तो मला वाचता आला नसता. लिओनार्डच्या कोट्याच्या कागदावर जे उत्तर नव्हते, तसेच ते माझ्याही कुठल्या यादीत नव्हते. सुट्टी आम्ही पाळतो आहोत. देणे मात्र तिच्या आधीच देय झाले होते, आणि ते चुकते करायचे राहून गेले.

त्या रात्री तिकिटांची वही मिटताना तिच्या शेवटच्या पानात घडी करून ठेवलेला तो कागद हाताला लागला. सिंड्रेलाच्या शेजारी तोच शोभतो. सकाळी मी नातवाला बोलावले आणि म्हणालो, "काल मी चुकीचं सांगितलं. आपणच आपल्याला दिलेली सुट्टीही खरी असते. फक्त ती दुसऱ्यांनी पाळायला हवी."

तो थोडा वेळ विचारात पडला. मग त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयचे एप्रिलचे पान उलटले, लाल स्केचपेनने दोन तारखेभोवती गोल काढला आणि मागे सरून पाहिले.

"आजोबा," तो म्हणाला, "यंदा रविवारी नाहीये."